गाडीतला इन्व्हर्टर : आधी बेरीज, मग खरेदी



सहल ठरली की आपल्या घरांत पहिली यादी होते ती खाण्याची. शामी कबाब किती, पराठे किती, लोणच्याची बरणी कोण धरून बसणार, चहापत्ती कुठल्या डब्यात. मग कपडे, मग जानमाज, मग अम्मींची औषधे. विजेची यादी मात्र कुणी करत नाही. आम्हीही केली नव्हती. त्याची किंमत आम्ही एका रात्रीत मोजली, आणि ती रात्र आठवली की आजही माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून या महिन्याचा लेख गाडीत बसवायच्या इन्व्हर्टरवर.

अमेरिकेत लोक ज्याला आरव्ही म्हणतात, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, ती आपल्याकडे आता कॅरव्हॅन या नावाने ओळखीची होत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. आमच्या धाकट्या दिराला ही हौस आधीपासूनच. त्याने एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आरटीओची रीतसर परवानगी काढून आतल्या काही सीट काढल्या आणि झोपता येतील असे दोन लांब बाक बसवले. अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हॉटेलचे जिने चढवत नाहीत. गाडीतच पाठ टेकता आली तर त्याही येतील, एवढाच त्यामागचा विचार. अम्मींना दम्याचा त्रास आहे आणि गरज पडली की नेब्युलायझर लावावा लागतो. हे यंत्र विजेवर चालते. म्हणून दीर बाजारात गेला आणि इन्व्हर्टर घेऊन आला.

“भाभी, दोन हजार वॉटचा आहे,” तो मोठ्या आनंदाने म्हणाला. “दुकानदार म्हणाला, पंखे लावा, मिक्सर लावा, काही टेन्शन नाही.” खोक्यावर मोठ्या अक्षरांत २००० छापले होते. किंमतही अगदी कमी. मी दहावीच्या वर्गाला दरवर्षी ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा शिकवते. पण त्या खोक्याकडे मी दुसऱ्यांदा पाहिले नाही.

सांगलीहून निघालो, कोल्हापूर मागे टाकले, आंबा घाट उतरलो आणि संध्याकाळी रत्नागिरीजवळ पोहोचलो. अम्मींच्या मावसबहिणीची तिथे आंब्याची बाग आहे. त्यांना आम्ही सगळे खाला म्हणतो. खालांनी घरात झोपायचा खूप आग्रह केला, पण मुलांना गाडीतच राहायचे होते. घरापासून जरा वर, बागेत गाडी लावली. जेवणे झाली. नऊच्या सुमारास इन्व्हर्टर सुरू केला. घरून आणलेले दोन टेबल फॅन, एक दिवा, पाच मोबाइल. नणंदेने हौसेने मिक्सरवर चटणीसुद्धा वाटून दाखवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

रात्री दोनला अम्मींनी मला हाक मारली. आवाजावरूनच कळले की दम लागलाय. मी नेब्युलायझरमध्ये औषध घातले आणि बटण दाबले. यंत्र सुरू झाले, पण नेहमीचा आवाज नव्हता, घरघर होती. वाफही बारीक येत होती. तीन-चार मिनिटे गेली असतील, इन्व्हर्टर टीं टीं करू लागला आणि सगळे बंद पडले. पंखे, दिवा, यंत्र, सगळेच. दिराने गाडी सुरू करून पाहिली. चावी फिरवली की नुसते टक्‌ टक्‌. गाडीही मेलेली. शेवटी टॉर्चच्या उजेडात दोघांनी अम्मींना खुर्चीत बसवून खाली खालांच्या घरी नेले. घरात वीज होती. नेब्युलायझर लावला आणि पंधरा मिनिटांत श्वास खाली बसला. अल्लाहचे शुक्र, की वीज होती आणि घर जवळ होते.

पहाटे ओसरीवर बसून दीर एवढेच म्हणाला, “भाभी, तुम्ही तर सायन्स शिकवता.” तो टोमणा नव्हता, त्यामुळे जास्तच लागला.

घरी परतल्यावर मी वही घेतली आणि त्या रात्रीची बेरीज मांडली. ती दहावीच्या मुलाला जमेल अशीच आहे. प्रत्येक उपकरणाचे वॉट पाहायचे, ते किती तास चालणार त्याने गुणायचे, की वॉट-तास मिळतात. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे असे १००० वॉट-तास. आमचे दोन पंखे मिळून ११० वॉट, दिवा २०, मोबाइल मिळून ४०. एकूण १७०. इन्व्हर्टर स्वतः तापतो, त्यात वीज वाया जाते, म्हणजे बॅटरीतून साधारण २०० वॉट निघत होते. बॅटरी १२ व्होल्टची. २०० भागिले १२, म्हणजे सुमारे १७ अँपिअर. नऊ ते दोन, पाच तास. १७ गुणिले ५, ८५ अँपिअर-तास. आणि आम्ही तारा जोडल्या होत्या त्या गाडीच्याच बॅटरीला, जी होती १०० अँपिअर-तासांची. अम्मींनी हाक मारली तेव्हा बॅटरी जवळजवळ रिकामी होती. नेब्युलायझरचा भार पडला आणि उरलेलेही गेले.

म्हणजे चूक एक नव्हती, तीन होत्या. त्या एकेक करून सांगते.

पहिली चूक, खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास. मोटर असलेले कोणतेही यंत्र सुरू होताना क्षणभर नेहमीच्या दोन-तीन पट वीज खेचते. इन्व्हर्टरने तेवढा झटका सोसायचा असतो. अनेक स्वस्त इन्व्हर्टरवर हा क्षणभराचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, आणि सतत किती वॉट देईल तो आकडा आत पुस्तिकेत बारीक अक्षरांत असतो. आमच्या ‘दोन हजारां’ची सततची ताकद त्याच्या निम्मीच होती. दुकानात विचारायचा प्रश्न एकच : “सलग, तासन्‌तास किती वॉट देईल?” उत्तर तोंडी नको, पुस्तिकेत बोट ठेवून दाखवायला सांगा. घरच्या इन्व्हर्टरवर ‘व्हीए’ लिहिलेले असते, तेही वॉट नव्हेत. प्रत्यक्ष वॉट त्याहून कमी भरतात.

पण खरे सांगायचे तर आकडा कितीही मोठा असता तरी त्या रात्री फरक पडला नसता. इन्व्हर्टर वीज तयार करत नाही. तो बॅटरीतली १२ व्होल्टची वीज घेऊन तिची २३० व्होल्ट करून देतो. नळ कितीही मोठा बसवा, टाकीत पाणी नसेल तर काय उपयोग? आम्ही नळाची चौकशी केली होती, टाकीची नाही.

दुसरी चूक, तरंग. घरच्या सॉकेटमधली वीज सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होते, आणि तो चढ-उतार लाटेसारखा गुळगुळीत असतो. त्याला साइन वेव्ह म्हणतात. स्वस्त इन्व्हर्टर ही लाट काढत नाही, जिन्याच्या पायऱ्या काढतो. दुकानात त्याला स्क्वेअर वेव्ह किंवा मॉडिफाइड साइन म्हणतात. मोबाइलचे चार्जर बहुधा ते चालवून घेतात. पण मोटर असलेली यंत्रे त्यावर घरघरतात, जास्त तापतात आणि कमी जोर लावतात. अम्मींचा नेब्युलायझर म्हणजे आत हवा दाबणारा छोटा कॉम्प्रेसरच. वाफ बारीक का येत होती याचे उत्तर इथे होते. घरात औषधोपचाराचे कोणतेही यंत्र असेल, नेब्युलायझर असो की झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठीचे सीपॅप असो, तर इन्व्हर्टर ‘प्युअर साइन वेव्ह’च घ्या. इथे पैसे वाचवू नका. काही सीपॅप यंत्रांना थेट १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा वेगळा अडॅप्टर मिळतो. तो मिळाला तर इन्व्हर्टरची गरजच उरत नाही.

तिसरी चूक सगळ्यात मोठी, गाडीचीच बॅटरी वापरणे. ती बॅटरी इंजिनला एक जोरदार धक्का देण्यासाठी बनवलेली असते. रात्रभर हळूहळू वीज देणे हे तिचे काम नव्हे. ती संपली की आजाऱ्याला दवाखान्यात न्यायची गाडीही संपली. म्हणून राहण्याच्या सोयीसाठी दुसरी, स्वतंत्र बॅटरी हवी, आणि दोन्हींच्या मध्ये अशी जोडणी हवी की रात्रीचा खर्च इंजिनच्या बॅटरीला हात लावणार नाही.

मग आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी दुकानापासून नव्हे, वहीपासून. मी अम्मी, नणंद, दीर आणि दोन्ही मुलांना जेवणानंतर बसवले आणि विचारले, रात्री काय काय चालायला हवे? यादी झाली. मग प्रत्येक वस्तूपुढे लिहिले : गरज की हौस?

मिक्सर हौस ठरला. वाटण घरून करून नेता येते. विजेची किटली तर माझ्या लेकीने स्वतःच खोडली, कारण तिने गणित केले होते. किटली १५०० वॉटची. १५०० भागिले १२, १२५ अँपिअर! इन्व्हर्टरमध्ये जाणारी वीज धरली तर त्याहूनही जास्त. एवढा प्रवाह न्यायला अंगठ्याएवढी जाड तार लागेल, आणि दोन कप चहासाठी बॅटरी धापा टाकेल. चहा गॅसच्या शेगडीवर होतो. शेगडी मात्र गाडीबाहेर, मोकळ्या हवेत. उष्णता निर्माण करणारी उपकरणे, किटली, इस्त्री, हीटर, ही सगळी बॅटरीची दुश्मन, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

उरलेली यादी अशी झाली. पंखे : घरच्या टेबल फॅनऐवजी थेट १२ व्होल्टवर चालणारे दोन, प्रत्येकी २५ वॉट, आठ तास, म्हणजे ४०० वॉट-तास. चार छोटे एलईडी दिवे, मिळून २० वॉट, चार तास, ८०. पाच मोबाइल मिळून १००. नेब्युलायझर १५० वॉट, रात्रीतून पंधरा मिनिटे दोनदा, म्हणजे अर्धा तास, ७५. इन्व्हर्टरमधली घट धरून हे ७५ चे ८८ होतात. एकूण बेरीज ६६८.

सहाशे अडुसष्ट! म्हणजे पाऊण युनिटही नाही. सहा माणसांची रात्र एवढ्यात निघते. मी दोनदा बेरीज तपासली.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. पंखे, दिवे आणि मोबाइल आम्ही इन्व्हर्टरवर ठेवलेच नाहीत. बॅटरी १२ व्होल्टची, पंखाही १२ व्होल्टचा, मग मध्ये २३० करायचे कशाला? इन्व्हर्टर उरला फक्त नेब्युलायझरसाठी. आणि तोही बंदच ठेवायचा, लागेल तेव्हाच सुरू करायचा. कारण नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर, काही जोडलेले नसतानाही, वीज खातो. तो १० वॉट खात असेल तर आठ तासांत ८० वॉट-तास जातात. अम्मींचे यंत्र अख्ख्या रात्रीत जेवढे घेते त्याहून हे जास्त!

आता बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी केली तर लवकर खराब होते. तिची निम्मीच वीज वापरायची असे धरून चालावे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास म्हणजे १२०० वॉट-तास, त्यातले वापरायचे ६००. आमची गरज ६६८, म्हणजे ती कमी पडते. १२० ची घेतली तर ७२० मिळतात, काठावर भागते. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकायचा मोह होतो, पण तिच्यातले ॲसिड घाटाच्या वळणांवर सांडू शकते, आणि चार्ज होताना तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू बंद जागेत धोक्याचा. गाडीत लेड-ॲसिड घ्यायचीच असेल तर सीलबंद घ्यावी. आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारातली १०० अँपिअर-तासांची घेतली. तिच्यात १२८० वॉट-तास मावतात आणि ऐंशी टक्के वापरले तरी चालते, म्हणजे हजाराच्या वर. वजनही खूपच कमी. महाग पडली हे खरे. पण मिक्सर आणि किटली खोडल्यामुळे इन्व्हर्टर लहान घेता आला, आणि बराच हिशेब तिथे जुळला.

इन्व्हर्टर किती मोठा? नेब्युलायझर १५० वॉटचा. सुरू होतानाचा झटका तिप्पट धरला तर ४५०. म्हणून सलग ६०० वॉट देणारा प्युअर साइन वेव्ह घेतला. त्याच्या पूर्ण भाराला बॅटरीतून साधारण ६० अँपिअर निघतात. इथे तारेचा प्रश्न येतो. घराच्या वायरिंगची बारीक तार इथे लावली तर ती तापून वितळू शकते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे त्या धड्यातले वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल! आम्ही १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली, लांबी दोन मीटरच्या आत, आणि बॅटरीच्या अगदी जवळ ८० अँपिअरचा फ्यूज. तुमच्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत जो आकार दिला असेल तो प्रमाण माना, आणि हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून मोबाइल चार्ज करा, त्यावर मोठा इन्व्हर्टर लावू नका. त्या सॉकेटची झेप शंभर-सव्वाशे वॉटच्या आसपास संपते. इन्व्हर्टर कपड्यांच्या गाठोड्यांमागे कोंबू नका, त्याला चारही बाजूंनी हवा हवी.

बॅटरी भरायची कशी? गाडी चालू असताना इंजिनवरचा अल्टरनेटर वीज देतो. मध्ये २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला की तीन तासांच्या प्रवासात ६० अँपिअर-तास परत येतात. आमचा रात्रीचा खर्च बावन्नच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर ते रत्नागिरी एवढ्या रस्त्यात तो भरून निघतो. दिराला छतावर सोलर पॅनेलही हवे होते. हिवाळ्याच्या स्वच्छ दिवशी १०० वॉटच्या पॅनेलमधून साडेतीनशे वॉट-तासांपर्यंत मिळू शकतात, चांगली भर आहे. पण मी विचारले, “गाडी उभी कुठे करणार?” “सावलीत, आंब्याखाली.” मग पॅनेल काय करणार? आंब्याची सावली आणि सोलरची वीज, दोन्ही एका जागी मिळत नाहीत. ते पुढच्या वर्षावर टाकले.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. रात्री बॅटरी उतरली म्हणून माणसे आत झोपलेली असताना उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवू नका, आणि जनरेटर गाडीत किंवा खिडकीजवळ लावू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही.

आणि आजाऱ्याच्या बाबतीत शेवटचा धडा, तो मला डॉक्टरांकडून मिळाला. त्या रात्रीची हकिकत ऐकून त्यांनी विचारले, “स्पेसर लावून इन्हेलर सोबत नव्हता?” नव्हता. आम्ही यंत्र आहे म्हणून निर्धास्त होतो. आता अम्मींच्या पिशवीत त्यांनी लिहून दिलेला इन्हेलर आणि स्पेसर असतो. त्याला वीज लागत नाही. जिवाशी संबंध असलेल्या गोष्टीला एकच आधार पुरेसा नसतो, मग तो आधार कितीही महागाचा असो. कुठेही मुक्काम केला तरी जवळचा दवाखाना कुठे आहे हे आम्ही उजेड असतानाच विचारून ठेवतो.

सगळे बसवून झाल्यावर आम्ही लगेच निघालो नाही. एका शनिवारी रात्री गाडी दारातच उभी केली आणि सहाही जण आत झोपलो. शेजारच्या आपा गच्चीवरून हसत होत्या. रात्री दोनला मी मुद्दाम उठून रिकाम्या नेब्युलायझरमध्ये सलाइन घालून पंधरा मिनिटे चालवला. आवाज घरच्यासारखाच, वाफ भरपूर. सकाळी बॅटरी निम्म्याच्या आसपास होती, आणि चावी फिरवताच इंजिन सुरू झाले. वर्गात आपण वार्षिक परीक्षेच्या आधी सराव परीक्षा घेतो, ती कशासाठी? चूक व्हायची असेल तर घरी व्हावी, म्हणून.

फेब्रुवारीत पुन्हा खालांच्या बागेत गेलो. पहाटे तीनला अम्मींनी हाक मारली. आधी इन्हेलर दिला, मग नेब्युलायझर लावला. यंत्र शांतपणे चालत राहिले. अम्मींनी मास्क काढला, म्हणाल्या, “जा, झोप आता,” आणि कुशीवर वळल्या. त्यांचा श्वास लागला की नाही हे ऐकत मी फजरपर्यंत जागीच होते, पण या वेळी भीतीने नव्हे.

इसराफ नको म्हणून आपण मोठी खरेदी टाळतो, आणि कधी कधी घाईत चुकीची स्वस्त वस्तू घेऊन दुप्पट खर्च करतो. दोन्हींवर उपाय एकच, आधी वही. तुमच्या घरात कुणी गाडीसाठी, किंवा घरासाठीही, इन्व्हर्टर घ्यायला निघाले असेल, तर त्यांना आज रात्री जेवणानंतर बसवा. प्रत्येक उपकरण उलटे करून मागच्या पट्टीवरचे वॉट वाचायचे काम मुलांना द्या. गरज आणि हौस असे दोन रकाने आखा. बेरीज मुलांनाच करू द्या.

इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात भेटू. दुआमध्ये याद ठेवा.